देवळाच्या सभामंडपात भजनाला कोणता रिव्हर्ब? आणि उघड्यावरच्या नाट्यगीतांना?

मिक्सर_डिचोली

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात भजनं, नाट्यगीतांच्या मैफिली आणि उत्सवातली नाटकं यांचा साउंड करतो. आतापर्यंत ॲनालॉग मिक्सर होता, त्यात इफेक्टची एकच कळ. ती फिरवून प्रोग्रॅम निवडायचा, की झालं. आता बेहरिंगरचा एक्सआर१८ हा डिजिटल मिक्सर घेतला आहे. टॅबवर इफेक्टची यादी उघडली की हॉल, प्लेट, रूम, चेंबर, अँबियन्स, व्हिंटेज हे रिव्हर्ब (आवाज घुमत ठेवणारे), शिवाय स्टीरिओ डिले, थ्री-टॅप डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे), आणि प्रत्येकाच्या आत पुन्हा कितीतरी सेटिंग्ज.

पुढे दोन कार्यक्रम आहेत. पहिला श्रावणातल्या भजनाचा, देवळाच्या सभामंडपात. खाली संगमरवर, चिऱ्याच्या भिंतींना गिलावा, वर लाकडी छत, तीन बाजूंना कमानी. रिकाम्या मंडपात टाळी वाजवली तर बराच वेळ घुमते. बुवा, मागे साथीला चार-पाच जण, हार्मोनियम, पखवाज, तबला, टाळ. श्रोते साधारण २००.

दुसरा मैदानात, पत्र्याच्या मंडपात. नाट्यगीतं, दोन गायक, ऑर्गन, तबला, व्हायोलिन. तिथे स्टेजपासून ३० मीटरवर मागच्या लोकांसाठी आणखी दोन बॉक्स लावायचे आहेत.

माझी अडचण अशी. बुवा दर अभंगाला मान वळवून सांगतात, "इको वाढव." आणि मागे बसलेली वयस्कर मंडळी येऊन सांगतात की शब्द कळत नाहीत. दोघांचंही ऐकायचं तर काय निवडावं आणि कुठून सुरुवात करावी?

किनारा_लाइव्ह, कळंगुट

मी बँडचा साउंड करतो, बहुतेक उघड्यावर, त्यामुळे माझा अनुभव दुसऱ्या गाण्यांचा आहे. मी पहिल्या स्लॉटमध्ये (इफेक्ट बसवायच्या जागेत) प्लेट टाकतो, १.८ सेकंद, आणि दुसऱ्यात डिले, गाण्याच्या लयीत कळ टॅप करून. गायकाला दोन्ही थोडं थोडं. वाळूवर, माडांच्या खाली भिंतच नसते, त्यामुळे कोरडा आवाज फार उघडा पडतो आणि हे दोन इफेक्ट पुरतात. हॉल मी फक्त संथ गाण्याला वापरतो. सभामंडपाबद्दल जाणकार सांगतील.

कर्ण्यापासून_लाइनअरेपर्यंत, फोंडा

डिचोलीकर, तुमच्या प्रश्नात उत्तराचं अर्धं काम झालेलं आहे. बुवांना इको हवा आहे तो त्यांच्या मॉनिटरमध्ये (गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या बॉक्समध्ये), आणि शब्द पोचत नाहीत ते समोरच्या बॉक्समधून. या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यांना दोन वेगळी उत्तरं द्या. एकाच रिटर्नचा (इफेक्ट लागलेला आवाज मिक्सरमध्ये परत येतो त्या वाटेचा) एकच फेडर वर-खाली करत बसलात तर रात्रभर कोणीतरी नाराज राहणारच.

मी फोंडा तालुक्यात काम करतो. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे हा सगळा पट्टा मोठ्या सभामंडपांचा. त्यामुळे देवळातल्या गाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कोणताही इफेक्ट उघडण्याआधी हे लक्षात घ्या की मंडप स्वतःच एक रिव्हर्ब आहे, आणि तो बंद करता येत नाही. त्यात आवाज किती सेकंद घुमतो याचा अंदाज सबाईनच्या सूत्राने काढता येतो: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. समजा मंडप २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच. घनफळ १४४० घनमीटर. संगमरवर, गिलावा, रंगवलेलं लाकूड हे सगळं मिळून फार तर ४ टक्के आवाज शोषतात, म्हणजे सुमारे ८०० चौरस मीटर पृष्ठभागाचे मिळतात जेमतेम ३२. कमानींचा मोकळा भाग ६० चौरस मीटर धरला तर तिथून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते पूर्ण ६०. बेरीज ९२. भागाकार येतो अडीच सेकंद. आता २०० माणसं बसवा. एक माणूस मधल्या-वरच्या पट्ट्यांत साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो, म्हणजे आणखी ९०. अडीच सेकंदांचे सव्वा सेकंद होतात.

यातून दोन गोष्टी निघतात. दुपारी रिकाम्या मंडपात साउंड चेक करताना जे ऐकलंत ते रात्रीचं नाही. दुपारी इफेक्ट नकोसा वाटेल, रात्री थोडा लागेल. तेव्हा दुपारी फक्त शिट्टी कुठे येते आणि बॉक्स कुठे वळवायचे एवढं ठरवा. इफेक्टचं प्रमाण लोक बसल्यावर, पहिल्या अभंगात ठरवा. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं खालच्या पट्ट्या फारशा शोषत नाहीत. पखवाजाची धूम आणि डग्ग्याची गमक भरल्या मंडपातही घुमत राहते. त्यात तुमच्या रिव्हर्बने आणखी खालचा आवाज ओतला तर शब्द त्याखाली गाडले जातात. म्हणून रिव्हर्बच्या लो कटला (खालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरला) ३०० हर्ट्झपर्यंत न्यायला घाबरू नका, आणि जिथे बेस मल्टिप्लायर (खालच्या पट्ट्या किती लांब घुमतील ते ठरवणारा आकडा) दिलेला आहे तिथे तो १ च्या खाली ठेवा. हाय कट (वरचा आवाज कापणारा फिल्टर) ५ ते ६ किलोहर्ट्झ. बुवांच्या माईकमध्ये टाळांचा आवाज शिरतोच; हाय कट नसेल तर टाळाचा प्रत्येक ठोका रिव्हर्बमधून सळसळत बाहेर येतो.

आता कोणता निवडायचा. सभामंडपात माझी निवड प्लेट, हॉल कधीच नाही. हॉलच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला सुटे परावर्तित आवाज असतात, ते कानाला सांगतात की भिंत इतक्या अंतरावर आहे. पण श्रोता आधीच एका खऱ्या दगडी खोलीत बसलेला आहे आणि त्याचा कान त्या भिंती ओळखतो. वर दुसरी खोटी खोली घातली की दोन्ही एकमेकांवर चढतात आणि गायक लांब गेल्यासारखा वाटतो. प्लेटचं मूळ यंत्र म्हणजे ताणून टांगलेला पोलादी पत्रा. ईएमटी १४० हे १९५७ सालचं यंत्र. पत्र्याला खोली नसते, त्याचा आवाज एकदम दाट सुरू होतो आणि विरतो. डिजिटल प्लेटमध्येही तो गुण उतरला आहे. म्हणून ती देवळाच्या भिंतींशी भांडत नाही, फक्त स्वराला थोडी लांबी देते.

डिके (रिव्हर्ब विरायला लागणारा वेळ) १ ते १.२ सेकंद. कळंगुटकरांचे १.८ वाळूवर बरोबर आहेत, इथे नाहीत.

प्री-डिले (मूळ आवाजानंतर रिव्हर्ब सुरू होईपर्यंतचा वेळ) हा भजनासाठी सगळ्यात मोलाचा आकडा, आणि बहुतेक लोक तो शून्यावर सोडून देतात. शब्द ओळखू येतो तो व्यंजनावरून. "विठ्ठल" म्हणताना "वि" नंतर जीभ टाळूला लागते, आवाज क्षणभर थांबतो आणि मग "ठ्ठ" फुटतो. त्या थांबलेल्या क्षणात जर "वि"चा रिव्हर्ब भरून राहिला, तर मागच्या ओळीत तो जोर पोचतच नाही. प्री-डिले ४० ते ६० मिलिसेकंद ठेवला की मूळ उच्चार आधी स्पष्ट निघून जातो आणि रिव्हर्ब त्याच्या मागून येतो. थांबण्याच्या जागा मोकळ्या राहाव्यात म्हणून डिकेही आखूड हवा. दोन्ही मिळून काम करतात. बुवा संथ अभंग गात असतील तर ६०, द्रुत असेल तर ३०. हे स्वतः मंडपाच्या शेवटच्या खांबाजवळ बसून ऐका. टॅब आहे तुमच्याकडे, स्टेजजवळ उभं राहण्याची गरज नाही.

बुवांच्या इकोचं. एक्सआर१८मध्ये इफेक्टचा रिटर्न हा स्वतंत्र चॅनेल आहे, त्याला स्वतःचे ऑक्स सेंड (मॉनिटरसारख्या वेगळ्या वाटांना आवाज पाठवणाऱ्या कळा) आहेत. त्या रिटर्नमधून बुवांच्या मॉनिटरला हवा तेवढा इफेक्ट द्या आणि समोरच्या बॉक्समध्ये तुम्हाला योग्य वाटेल तेवढाच ठेवा. स्लॉट रिकामा असेल तर मी मॉनिटरसाठी वेगळी प्लेट लावतो, थोडी लांब, १.५ सेकंद. गाणाऱ्याला कोरडा आवाज मॉनिटरमधून आला तर तो गळा ताणतो, जास्त जोर लावतो. त्याला थोडा ओलावा मिळाला की तो निवांत गातो, आणि त्याचा फायदा समोर बसलेल्यांना होतो. तेव्हा ही मागणी मनापासून पूर्ण करा. फक्त मॉनिटरमधला रिव्हर्ब पुन्हा माईकमध्ये शिरतो, त्यामुळे शिट्टी लवकर येते. दुपारी तो रिटर्न हळूहळू वाढवून जिथे वाजायला लागेल ती फ्रिक्वेन्सी रिटर्नच्याच इक्यूवर कापून टाका. बुवांच्या मूळ चॅनेलला हात लावू नका, नाहीतर आवाजाचा पोतच जाईल.

डिले. सभामंडपात रिव्हर्ब वाढवण्यापेक्षा एक मंद डिले बरा, कारण दोन शब्दांमधली जागा तो भरून टाकत नाही. फीडबॅक १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एकच पुनरावृत्ती ऐकू येईल; हाय कट ३ किलोहर्ट्झ. वेळ लयीवरून: ६०,००० भागिले मिनिटाच्या मात्रा. मिनिटाला १०० मात्रा असतील तर एक मात्रा ६०० मिलिसेकंद, अर्धी ३००. मी अर्धी घेतो. पण आपलं भजन एका लयीत राहत नाही. अभंग वाढत वाढत गजरापर्यंत जातो. लय १२० वर गेली, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची झाली, आणि तुमचा डिले जुन्या ३०० वरच राहिला, तर तो आता अर्ध्या मात्रेच्या ५० मिलिसेकंद मागे पडतो. पखवाजवाल्याच्या कानात तो फरक रुततो. तेव्हा एकतर तबल्यावर नजर ठेवून टॅप करत राहा, किंवा गजर सुरू झाला की डिले बंद करा. मी बंद करतो. गजरात सगळे गातात, तिथे त्याची गरजच उरत नाही.

शक्य असेल तर डिले सतत चालू ठेवू नका. ओळीचा शेवटचा स्वर बुवा लांबवतात तेव्हा सेंड (डिलेकडे जाणारा आवाज) वर न्या, पुढची ओळ उचलायच्या आत खाली आणा. त्यासाठी अभंग माहीत असावा लागतो. भजनाआधी बुवांकडून अभंगांची यादी घ्या आणि शब्द वाचून ठेवा.

आणि निवेदन, कीर्तनातलं निरूपण, नाटकातले संवाद यांच्यावर इफेक्ट अजिबात नको. सगळे इफेक्ट एका म्यूट ग्रुपमध्ये (एका कळीने सगळे बंद होतील असे) ठेवा. पद संपून बोलणं सुरू झालं की त्याच क्षणी म्यूट.

स्वरसंध्या, म्हापसा

मी नाट्यगीतं गाते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या कार्यक्रमाबद्दल गाणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

वरच्या दादांनी मॉनिटरबद्दल लिहिलं ते अगदी खरं आहे, पण त्याला मर्यादा हवी. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब फार लांब असला की मागचा स्वर पुढच्या स्वरात मिसळतो आणि आपण सुरात आहोत की नाही हेच कळेनासं होतं. मैफलीच्या शेवटी भैरवी असते. मिश्र भैरवीत कोमल आणि शुद्ध असे दोन्ही ऋषभ जवळजवळ येतात. कोमल ऋषभाची शेपटी कानात असताना शुद्ध ऋषभ लावणं फार कठीण जातं. मींड घेतानाही तेच. मला विचाराल तर मॉनिटरमध्ये थोडासाच इफेक्ट द्या, पण तानपुरा मात्र स्पष्ट आणि भरपूर द्या. तानपुरा नीट ऐकू आला की गायक इको मागत नाही.

तानेच्या वेळी समोरचाही इफेक्ट कमी करावा. तानेत एका सेकंदात सहा-सात स्वर जातात, दोन सेकंदांचा रिव्हर्ब असेल तर त्यातले दहा-बारा स्वर एकाच वेळी हवेत असतात. आम्ही प्रत्येक स्वर दाणेदार यावा म्हणून मेहनत करतो, तो तसाच लोकांपर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं.

आणखी एक विनंती. साउंड चेकला ठरलेला मॉनिटर गाणं चालू असताना बदलू नका. काही बदलायचं असेल तर दोन पदांच्या मध्ये.

किनारा_लाइव्ह, कळंगुट

मैदानातल्या मागच्या दोन बॉक्सबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि मला वाटतं शब्द न कळण्याचं मोठं कारण तिथे असू शकतं. संध्याकाळी ३० अंश तापमान धरलं तर आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. म्हणजे स्टेजचा आवाज ३० मीटरवर पोचायला ८६ मिलिसेकंद लागतात. मागच्या बॉक्सना तारेतून सिग्नल लगेच मिळतो. तिथे बसलेल्या माणसाला आधी जवळच्या बॉक्सचा शब्द ऐकू येतो आणि मागून तोच शब्द स्टेजवरून. ३०-३५ मिलिसेकंदांच्या आत असलेले दोन आवाज कान एकच मानतो, ८६ म्हणजे स्पष्ट प्रतिध्वनी. मग लोक म्हणतात इको फार आहे, तुम्ही रिव्हर्ब कमी करता, आणि फरक पडत नाही.

मागच्या बॉक्सना सिस्टिम प्रोसेसरमध्ये (मिक्सर आणि बॉक्स यांच्या मधल्या यंत्रात) ८६ अधिक १० ते १५, म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या आसपास डिले द्या. ते जास्तीचे १०-१५ अशासाठी की आवाज स्टेजवरूनच येतो आहे असं वाटावं. आणि त्या बॉक्सना इफेक्ट न पाठवता फक्त कोरडा आवाज पाठवता आला तर फार उत्तम. एका ऑक्समधून वेगळा मिक्स काढा.

मिक्सर_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सभामंडपाचं गणित मी आमच्या देवळाची मापं घेऊन करून पाहतो. मागच्या बॉक्सच्या डिलेचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं.

दोन प्रश्न उरले. मैदानात गायकांना प्लेट की हॉल? आणि वाद्यांना इफेक्ट द्यायचा का? आमच्या मंडळातल्या तबलजींना तबल्यावर थोडा हवा असतो.

कर्ण्यापासून_लाइनअरेपर्यंत, फोंडा

मैदानात हॉल चालेल. तिथे खरी खोली नाही, त्यामुळे भांडण नाही. १.८ ते २ सेकंद, प्री-डिले ४०, लो कट २५०. पण मंडपाला वर पत्रे आहेत हे विसरू नका. स्टेजचे बॉक्स वर तोंड करून असतील तर पत्र्यावरून कर्कश आवाज परत येतो, तो इफेक्टने झाकता येत नाही. बॉक्स लोकांच्या डोक्यांकडे झुकवा. स्वरसंध्याताईंनी तानेबद्दल लिहिलं ते करा. एक बोट गायकाच्या रिव्हर्ब सेंडवर कायम असू द्या. तानपुऱ्याबद्दलही त्यांचंच खरं.

वाद्यांत तबल्याच्या दायाला वेगळा, छोटा रूम रिव्हर्ब द्या, ०.६ ते ०.८ सेकंद, अगदी थोडा. गायकाचा हॉल त्याला देऊ नका, थाप मागे पडते. डग्ग्याला आणि पखवाजाला काहीही नको. दायाला आणि डग्ग्याला दोन वेगळे माईक लावा, तरच हे जमेल. एकाच माईकवर तबला असेल तर त्या सेंडचा लो कट ४०० पर्यंत न्या. व्हायोलिनला गायकाचाच रिव्हर्ब द्या, म्हणजे दोघं एका जागेत बसल्यासारखे वाटतात. प्रमाण गायकापेक्षा जरा जास्त चालतं, कारण व्हायोलिन जवळून घेतलं की गजाची खरखर पुढे येते. ऑर्गनला नको. त्याचा स्वर मुळातच भरलेला आणि सलग असतो, त्यावर रिव्हर्ब घातला की गायकाची जागा जाते. भजनातल्या हार्मोनियमचंही तसंच. सभामंडपात तर कुठल्याच वाद्याला इफेक्ट देऊ नका, मंडप देतो तेवढा पुरे.

स्लॉट असे लावा: १ गायकांचा रिव्हर्ब, २ डिले, ३ तबल्याचा रूम, ४ मॉनिटरची प्लेट. चारही सेंड पोस्ट-फेडर, म्हणजे गायकाचा फेडर खाली आणला की इफेक्टही खाली येतो. दोन्ही जागांचे वेगळे स्नॅपशॉट (सगळ्या सेटिंग्जच्या नोंदी) साठवा. मैदानाचा स्नॅपशॉट चुकून मंडपात उघडला गेला तर पहिल्याच ओळीला हॉल सुरू होईल, म्हणून नावात देऊळ आणि मैदान असं सरळ लिहा. आणि भजन झाल्यावर इथे लिहा, मंडपाची मापं आणि तुम्ही ठेवलेला डिके दोन्ही. आमच्या भागातल्या मंडपांच्या आकड्यांशी ताडून पाहायला मला आवडेल.